सातवं कलम

२०२० च्या मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आमच्या रेल्वे निवृत्तांच्या संघटनेनं फोनवर सभा घेतली. टाळेबंदी होती, भुसावळचा उन्हाळा होता आणि अकरा म्हातारे आपापल्या पलंगावर बसून मोबाइलात ओरडत होते. ‘माझा आवाज येतोय का’ यातच पहिला अर्धा तास गेला. मग सात कलमांचा ठराव मंजूर झाला. पहिलं कलम गोठवलेल्या महागाई भत्त्याचं, दुसरं त्याच्या थकबाकीचं, तिसरं औषधं घरपोच मिळावीत याचं, आणि असं करत करत सातवं: ‘स्थलांतरित मजुरांच्या हालअपेष्टांबाबत शासनाने योग्य तो विचार करावा.’ मसुदा माझ्या हातचा. ‘योग्य तो विचार करावा’ ही चार शब्दांची थट्टाही माझीच. पहिली सहा कलमं आता मला कागद काढून बघावी लागतात. सातवं पाठ आहे.

त्या रविवारच्या दोनच दिवस आधी, ८ मेच्या पहाटे, औरंगाबाद जिल्ह्यातल्या करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले होते. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी माणसं, गावं मध्य प्रदेशात शहडोल-उमरियाकडची. रूळ धरून रात्रभर चालले, थकले, तिथेच टेकले. गाड्या बंद आहेत अशी त्यांची समजूत होती. रुळांवर विखुरलेल्या चपात्यांचा फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पाहिला. मला त्या फोटोपेक्षा बातमीतली एक ओळ जास्त लागली: ते भुसावळला निघाले होते. आमच्या गावाला. इथून घरी जायला श्रमिक गाडी मिळेल म्हणून.

टाळेबंदीत प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या नव्हत्या. धान्य, कोळसा, खत सगळं धावत होतं. रेल्वे कॉलनीतल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं, कारण रात्री भोंगे ऐकू येत होते. फोनवरच्या त्या सभेत अकराही जण रेल्वेत तीस-पस्तीस वर्षं काढलेले. कोणी फिटर, कोणी गार्ड, एक जण तर आयुष्यभर रुळांची देखभाल केलेला. माणसं रूळ धरून चालताहेत हे टीव्हीवर दोन आठवडे दिसत होतं. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की ओळखीच्या चार गँगमनना फोन लावावा आणि सांगावं, बाबांनो, कोणी रुळांवर दिसलं तर मालगाड्या चालू आहेत एवढं तरी कानावर घाला. आमच्या डोक्यात भत्ता होता.

हे सगळं आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी सरकारला, पक्षांना आणि कामगार संघटनांना चार शब्द सुनावणार आहे, आणि तेव्हा वाचणाऱ्यानं मला साधू समजू नये.

८ मे ही तारीख मला त्याआधी वेगळ्याच कारणानं माहीत होती. १९७४ साली त्याच दिवशी सकाळी सहाला देशातला रेल्वे संप सुरू झाला. मी बावीस वर्षांचा, लोको शेडमध्ये, म्हणजे इंजिनांच्या शेडमध्ये, खलाशी म्हणजे मदतनीस, नोकरीला जेमतेम दोन वर्षं. शेडचा भोंगा वाजला आणि कोणी आत गेलं नाही. इंजिनांची आग पाडलेली होती. वाफेचं इंजिन थंड होताना आतलं लोखंड आवळत जातं आणि टक्‌, टक्‌ असं वाजतं. एरवी शेडच्या गोंगाटात तो आवाज कधी ऐकूच आला नव्हता. त्या सकाळी फाटकाबाहेर उभं राहून तो ऐकला.

मागण्या काय होत्या? आठ तासांची ड्यूटी, बोनस, सरकारी कारखान्यांतल्या कामगारांइतका पगार. रनिंग स्टाफची माणसं सलग चौदा-चौदा तास इंजिनावर असत. घरून निघालेला ड्रायव्हर परत कधी येईल हे त्याच्या बायकोला कोणी सांगू शकत नसे. आदल्या वर्षी लोको कर्मचाऱ्यांनी संप करून दहा तासांचा शब्द मिळवला होता, तो कागदावर होता. ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष जॉर्ज फर्नांडिस यांना २ मेला लखनौमध्ये पकडलं. तरी ८ तारखेला संप झालाच, आणि सतरा लाखांच्या घरात कामगार त्यात होते.

तेव्हाही आम्हाला सांगण्यात आलं की देश संकटात आहे. खोटं नव्हतं ते. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या हाडांत मुरलेला, १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकलेले, महागाई वीस टक्क्यांच्या वर. पण संप बेकायदा ठरवला तो ज्या नियमांखाली, ते बघा. भारत संरक्षण नियम. डिसेंबर १९७१ च्या युद्धात आणीबाणी जाहीर झाली, तिच्याबरोबर आलेले. युद्ध पंधरवड्यात संपलं. सिमला करार होऊन दोन वर्षं होत आली होती. आणीबाणी मात्र उठवलेली नव्हती. पाकिस्तानसाठी काढलेलं हत्यार फिटर आणि फायरमनवर चाललं. आज लोक १९७५ च्या आणीबाणीबद्दल बोलतात, पण तेव्हा देशात एकावर एक अशा दोन आणीबाण्या होत्या हे फारसं कोणाच्या लक्षात नसतं. युद्धाची जी पहिली, ती थेट मार्च १९७७ मध्ये उठली. तेरा-चौदा दिवसांच्या युद्धासाठी सव्वापाच वर्षं.

माझा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे. संकट जातं, संकटात घेतलेला अधिकार जात नाही. आणि ‘आत्ता बोलू नका’ असं जे सांगतात, त्यांचं ‘आत्ताच उरकून घेऊ’ हे त्याच वेळी चाललेलं असतं.

संपाची दुसरी बाजूही सांगतो. रात्री क्वार्टरांवर पोलीस येऊ लागले तेव्हा मी रावेर तालुक्यात मामाकडे जाऊन राहिलो. मे महिना, केळीचे घड कापणीला आलेले, आणि त्या काळी खान्देशची केळी वॅगनींनी दिल्लीकडे जात. वॅगनी नव्हत्या. मामाच्या मळ्यात घड झाडावरच पिवळे पडत होते, खाली मधमाश्या घोंगावत होत्या. मामा रागावले नाहीत. संध्याकाळी खाटेवर बसून एवढंच म्हणाले, “तुझे आठ तास खरे आहेत रे भाच्या. पण माझ्या केळीला थांब म्हणून कोण सांगणार?” मला उत्तर सुचलं नाही. पन्नास वर्षं झाली, अजून नीट सुचलेलं नाही. १८ तारखेला मामाच्या रेडिओवर पोखरणच्या अणुचाचणीची बातमी आली आणि आमचा संप बातम्यांत कुठेतरी तळाला गेला. २७ मेला तो मागे घेतला. विनाअट. हजारो माणसं नोकरीतून गेली.

पुढे जे झालं ते क्रमानं बघण्यासारखं आहे. संप मोडून सहा आठवडे होत नाहीत तोच, जुलै १९७४ मध्ये वटहुकूम आला: महागाई भत्त्यात जी वाढ होईल तिच्यातला अर्धा भाग सक्तीनं ठेव म्हणून कापायचा. सप्टेंबर १९७५ मध्ये, म्हणजे दुसऱ्या आणीबाणीत, कारखान्यांतल्या कामगारांचा किमान बोनस सव्वाआठ टक्क्यांच्या वर होता तो चार टक्क्यांवर आणला. आयुर्विमा महामंडळातल्या कर्मचाऱ्यांनी रीतसर करार करून बोनस मिळवला होता. १९७६ मध्ये संसदेनं कायदा करून तो करारच पुसून टाकला. हे सगळं चाललं तेव्हा बोलायला कोण होतं? संप करायला बंदी, सभेला बंदी, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. आणि ज्यांना बोलता आलं असतं त्यांनी तोंड मिटलं. इंटक ही काँग्रेसची कामगार संघटना, तिचा पक्ष सत्तेत होता. आयटक ही भारतीय कम्युनिस्ट पक्षाची, तिच्या पक्षानं आणीबाणीला पाठिंबा दिला होता. बोनस कापला गेला तेव्हा या दोन मोठ्या संघटनांच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो खोकल्याइतका होता. संघटना पक्षाच्या दावणीला बांधली की दुष्काळात चारा मालक ठरवतो.

न्यायानं बोलायचं तर त्याच आणीबाणीत वेठबिगारी रद्द करणारा कायदाही झाला. आणि औद्योगिक विवाद कायद्यात नवा भाग घालून, तीनशेच्या वर कामगार असलेल्या कारखान्याला सरकारच्या परवानगीशिवाय कामगार कपात करता येणार नाही किंवा टाळं लावता येणार नाही, असं ठरलं. आमच्यातले काही जण अजून हे दाखवून म्हणतात, बघा, दिलं की नाही? दिलं. पण मागायची सोय नसताना मिळालेल्या गोष्टीला आम्ही गावाकडे वेगळा शब्द वापरतो.

हरलेल्या संपाचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. १९७७ मध्ये राजापूरचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात काढलेल्या माणसांना परत घेतलं. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोमही त्यांनीच आणला. रेल्वेनं फिरणारा मराठी माणूस त्यांना त्या दोन इंचांसाठी आठवतो, आम्ही पहिल्या कामासाठी. किमान बोनस परत जुन्या दरावर आला. आयुर्विम्याचा तो कायदा १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्दबातल ठरवला. आणि ज्या बोनससाठी आम्ही शेडबाहेर उभे राहिलो होतो तो रेल्वेवाल्यांना १९७९ मध्ये उत्पादकतेशी जोडून मिळाला. दरवर्षी दसऱ्याच्या तोंडावर ‘रेल्वे कर्मचाऱ्यांना अठ्ठ्याहत्तर दिवसांचा बोनस’ अशी बातमी येते, तिचं मूळ त्या वीस दिवसांत आहे. पोरांना हे माहीत नसतं. त्यांना वाटतं दिवाळी आहे म्हणून देतात.

तर असा माणूस मी, २०१२ ला निवृत्त झालेला, जून २०२० मध्ये सात कलमांचा तो ठराव घेऊन एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात गेलो. कोणाच्या ते महत्त्वाचं नाही, कारण दुसऱ्या कोणाकडेही गेलो असतो तर हेच झालं असतं. टेबलामागे तिशीचा स्वीय सहायक, मास्क हनुवटीवर. त्यानं माझ्या हातावर सॅनिटायझर ओतलं, मग कागदावर ओतायला निघाला, मी थांबवलं. पहिलं कलम वाचून म्हणाला, “काका, सध्या देश संकटात आहे. हे आत्ता नको होतं.” बोलण्यात उर्मटपणा नव्हता. मीही भांडलो नाही. पोच द्या म्हटलं. तीनदा म्हटल्यावर त्यानं माझ्या प्रतीवर शिक्का मारला. ठराव दोन पानी होता. दुसरं पान त्यानं उलटलं नाही. सातवं कलम दुसऱ्या पानावर होतं.

घरी येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं की पोरगा अर्धा बरोबर होता.

हिशेब मांडून बघू. एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांचा आणि पेन्शनरांचा महागाई भत्ता गोठवला. तीन हप्ते: जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१. भत्ता सतरा टक्क्यांवर थांबला आणि जुलै २०२१ मध्ये एकदम अठ्ठावीसवर गेला, पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी देणार नाही असं सरकारनं सांगितलं. यातून ३४,४०२ कोटी रुपये वाचले, असं संसदेत उत्तर आहे. आता सोपं म्हणून मूळ पेन्शन १८,००० धरा. पहिले सहा महिने चार टक्के, मग सहा महिने सात, मग सहा महिने अकरा. एकूण गेले २३,७६० रुपये. थोडे नाहीत. म्हातारपणी दोन वर्षांची औषधं होतात.

पण या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. ईपीएस-९५ म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना. एसटीचा कंडक्टर, साखर कारखान्यातला कामगार, सूतगिरणीतला, विडी वळणारी बाई, खासगी कंपनीतला फिटर, हे सगळे तीत येतात. तिचं किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. महागाई भत्ता नाही, एक पैसाही नाही. म्हणजे माझा नुसता गोठलेला भत्ता हे त्या विडीवाल्या बाईचं जवळजवळ दोन वर्षांचं अख्खं पेन्शन. बुलढाण्याला, आमच्यापासून दोन-अडीच तासांवर, या लोकांनी डिसेंबर २०१८ पासून साखळी उपोषण धरलं. मागणी साडेसात हजारांची. आमच्या ठरावात त्यांचं नाव कुठल्याच कलमात नव्हतं. सातव्यातसुद्धा.

१९७४ च्या त्या सक्तीच्या ठेवीची आठवण इथे काढतो. ती आणली ती संप मोडलेल्या लोकांवर, तरी त्या कायद्यातच रक्कम पाच वार्षिक हप्त्यांत व्याजासह परत करायची तरतूद होती. २०२० मध्ये ठेव नव्हती, थेट वजाबाकी होती. आम्हाला विचारलं असतं तर? माझा अंदाज, शंभरातल्या सत्तर पेन्शनरांनी सही करून दिली असती. रस्त्यानं चालणाऱ्यांना एक वेळचं जेवण आणि गाडी द्या, आमचा भत्ता त्यात घाला, असं आम्ही म्हटलं असतं. निदान मला तसं वाटायला आवडतं. पण विचारायची पद्धतच नसेल तर त्यागाची संधी मिळत नाही, फक्त कपात होते. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती रकमेची नाही.

तात्पुरतं म्हणून येणारं कसं मुक्काम ठोकतं ते रेल्वेच्या तिकिटावर बघायला मिळतं. ज्येष्ठांना तिकिटात सवलत होती, साठीच्या पुढच्या पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावनच्या पुढच्या बायकांना पन्नास. मार्च २०२० मध्ये ती स्थगित केली. म्हाताऱ्यांनी विनाकारण फिरू नये, संसर्ग पसरेल, हे कारण तेव्हा रास्तच होतं. करोना गेला, लसी झाल्या, गाड्या पूर्वीसारख्या भरून धावू लागल्या. सवलत परतली नाही. आता कारण बदललं आहे: प्रत्येकच प्रवाशाच्या तिकिटाचा मोठा भार सरकार आधीच उचलतं, वेगळी सवलत कशाला. यावर वाद होऊ शकतो, करावा. पण तो वाद न करताच निर्णय झाला, करोनाच्या दारातून. गंमत अशी की मला हे बराच काळ कळलंच नाही. रेल्वेच्या निवृत्ताला पास असतो. शेजारच्या वहिनी नाशिकला मुलीकडे जाऊन आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या रेल्वेत आता म्हातारं होऊन काही फायदा नाही.” तेव्हा कळलं.

तिकीट ही लहान गोष्ट. त्याच ८ मे २०२० ला, म्हणजे करमाडच्या दिवशीच, उत्तर प्रदेश सरकारची अधिसूचना निघाली: कारखान्यांत बारा तासांची पाळी. सोळा माणसं रुळांवर मेली त्या दिवशी तिकडे कामाचा दिवस चार तासांनी वाढला. आठवडाभरात ती मागे घेतली गेली, कारण अलाहाबाद उच्च न्यायालयात तिच्याविरुद्ध याचिका गेली होती. गुजरातनंही एप्रिलमध्ये बारा तासांचा दिवस केला होता, वरच्या तासांचे दुप्पट पैसेही नाकारले होते. एका कामगार संघटनेनं तो आदेश सर्वोच्च न्यायालयात नेला आणि १ ऑक्टोबर २०२० ला तो रद्द झाला. कारखाना कायद्यात ‘सार्वजनिक आणीबाणी’त सूट द्यायची सोय आहे. न्यायालय म्हणालं की महासाथीमुळे आलेली आर्थिक अडचण त्या व्याख्येत बसत नाही. आमच्या पिढीनं १९७४ मध्ये नेमकं हेच ऐकायला कान टवकारले होते.

आणि सप्टेंबर २०२० मध्ये, करोनाची पहिली लाट टोकाला असताना, विरोधी बाकं बहिष्कारामुळे रिकामी असताना, तीन कामगार संहिता दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार झाल्या. कपातीला आणि कारखान्याला टाळं लावायला परवानगी लागण्याची मर्यादा मधल्या काळात शंभर कामगारांवर आणलेली होती, ती परत तीनशेवर गेली. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संप धरायचा, असं ठरलं. या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. त्यांत काही चांगलं नाही असं मी म्हणणार नाही. नेमणूकपत्र सगळ्यांना देणं सक्तीचं झालं, ही चांगली गोष्ट आहे. पण पाच वर्षं थांबून लागू करायच्याच होत्या, तर त्या सप्टेंबरात एवढी घाई कसली होती, याचं उत्तर मला कोणी देत नाही. सत्ताधारी भाजपच्या परिवारातल्या भारतीय मजदूर संघानं राज्यांनी कामगार कायदे गुंडाळण्याला विरोध केला होता, पण नोव्हेंबर २०२० च्या देशव्यापी संपात तो नव्हता. दावण बदलली, गुरं तीच.

यावर माझा मुलगाच माझ्याशी वाद घालतो. तो पुण्यात खासगी नोकरीत आहे, २०२० मध्ये त्याचा पगार तीस टक्के कापला गेला आणि त्यानं कुठेही निवेदन दिलं नाही. तो म्हणतो, “बाबा, तुम्हाला पेन्शन आहे म्हणून तुम्हाला ठराव सुचतात. नाव बुडताना वल्ही मारायची असतात, मागण्या मांडायच्या नसतात.” त्याच्या बोलण्यात तथ्य आहे असं मी आधी समजत होतो. आता वाटतं, त्याची उपमा चुकली आहे. नाव बुडताना कोणाला आधी उतरवायचं आणि कोणाचं गाठोडं पाण्यात टाकायचं हे कोणीतरी ठरवतंच. ते ठरवताना ज्याचा आवाज नाही त्याचं गाठोडं पहिलं जातं. १४ सप्टेंबर २०२० ला श्रम मंत्रालयानं संसदेत सांगितलं की टाळेबंदीत गावी जाताना किती मजूर मेले याची नोंद नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न येत नाही. नोंद नाही म्हणजे माणूस नाही. १९७९ पासून आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा होता, त्यात नोंदणी होती, ती कोणी केली नव्हती. पुढे कार्यकर्त्यांचे अर्ज गेले, सर्वोच्च न्यायालयानं जून २०२१ मध्ये मुदती घालून दिल्या, आणि ऑगस्टमध्ये असंघटित कामगारांच्या नोंदणीचं ई-श्रम पोर्टल सुरू झालं. कोणीतरी ‘आत्ता’च बोललं म्हणून ते झालं.

पण मुलाच्या बोलण्यातला पहिला भाग मला सोडत नाही. तुम्हाला पेन्शन आहे म्हणून. बरोबर. संकटात कोण बोलू शकतो? नोकरीतला माणूस घाबरतो, आणि त्यानं घाबरावं हे मला समजतं. मीही मामाच्या मळ्यात जाऊन बसलो होतो. कंत्राटी माणसाचं नाव दुसऱ्या दिवशी मस्टरवर नसतं. राहता राहिलो आम्ही. मला कोण काढणार? बदली कुठे करणार? १७ डिसेंबर १९८२ ला डी. एस. नाकरा या निवृत्त अधिकाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पेन्शन ही मालकाच्या मर्जीची भीक नाही, केलेल्या कामाचा हक्क आहे. दरवर्षी त्या तारखेला आम्ही पेन्शनर दिन करतो, हार घालतो, उपमा खातो, आणि भत्त्याचा ठराव करतो. एका म्हाताऱ्यानं कोर्टात जाऊन आम्हाला निर्भय करून ठेवलं, आणि त्या निर्भयपणाचा उपयोग आम्ही काय केला, तर आणखी अकरा टक्के मागायला.

आमच्याकडे संपाचं हत्यार नाही. आमच्या उपोषणानं कोणाची गाडी थांबत नाही, उलट डॉक्टर बोलवावा लागतो. पण वेळ आहे. फाइल कुठे अडते, कुठल्या कागदाला जावक क्रमांक लागतो, पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, हे चाळीस वर्षांत शिकलेलं आहे. नोंदी ठेवणं तर आमचा धंदाच होता. २०२० च्या मेमध्ये आम्हा अकरा जणांपैकी चौघे मास्क लावून, वही-पेन घेऊन स्टेशनबाहेर अंतरावर बसले असते, येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव, कुठून चालत आला, कोणाचा किती पगार थकलाय हे लिहिलं असतं, तर ‘नोंद नाही’ म्हणणाऱ्यांपुढे निदान भुसावळची एक वही असती. वय झालं होतं, करोनाची भीती होती, पोलीस उठवून लावतील असंही वाटलं असतं. ही सगळी कारणं खरी आहेत. आम्हाला ती सुचलीसुद्धा नाहीत, कारण बसायचंच सुचलं नाही.

आता नोव्हेंबरात मी हयातीच्या दाखल्यांना मदत करायला बसतो. आमच्या लोकांना फारशी गरज नसते, मुलं फोनवर करून देतात. येतात ते ईपीएसवाले. मागच्या वर्षी एक विडी कामगार बाई आल्या, सत्तरीच्या. पन्नास वर्षं तेंदूची पानं कापून आणि तंबाखू भरून बोटांचे ठसे पार गुळगुळीत झालेले. मशीन अंगठा घेईना. दहाही बोटं लावून पाहिली. त्या हसून म्हणाल्या, “दादा, मशीनला वाटतंय मी मेले.” शेवटी चेहऱ्यावरून झालं, तेही उन्हात नेऊन, चौथ्या खेपेला. एक हजार रुपयांसाठी.

येत्या १७ डिसेंबरच्या ठरावाचा मसुदा पुन्हा माझ्याकडेच आला आहे. मी सातवं कलम उचलून पहिलं केलं. ईपीएसचं किमान पेन्शन साडेसात हजार करा, स्थलांतरितांची नोंदणी स्टेशनवरच करा, आणि संकटकाळात काढलेल्या प्रत्येक आदेशावर त्याची शेवटची तारीख छापा. आमचा भत्ता सातवा. परवा सचिवांचा फोन आला. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, आवाज अजून गार्डाच्या शिट्टीसारखा.

“भाऊ, असं लिहिलंत तर आपली माणसं सह्या करणार नाहीत.”

म्हटलं, फिरवून तर बघू.

शाखेत दोनशे चौदा सभासद आहेत. आज संध्याकाळपर्यंत एकतीस सह्या झाल्या. त्यातल्या दोघांनी सही करताना विचारलं, पान दुसरं कुठे आहे.